कालव्याच्या पाळीवरचा दीड कोस

आमच्या गावची माणसं दर शिवरात्रीला महादेवाच्या टेकडीपर्यंत पायी जायची. वाट दोन दिवसांची. माझी थोरली बहीण मात्र बैलगाडीत, भांड्याकुंड्यांच्या शेजारी. चालायला लागायच्या आधीच पोलिओनं तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. पायथ्याशी पोचलं की गावातली सगळ्यात म्हातारी बाई चालत आलेल्यांचे पाय धुवायची, त्यांवर डोकं टेकवायची, आणि मगच चढण. गाडीतून आलेल्यांचे पाय धुवायची रीत नव्हती. ताई गाडीतून ते बघत बसायची. तिचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी तिला हातानं चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. तिनं लगेच जाहीर केलं, शेवटचा दीड कोस मी माझी येणार. तो टप्पा बोर धरणाच्या कालव्याच्या पाळीवरून, काठच्या भरावावरून, जायचा. मुरूम दाबून केलेला सपाट रस्ता होता, ना दगड ना नाला.

"गाडीत बसून आली तं काय बिघडते?" वडील म्हणाले.

"माहे पाय कोनी धूत नाई, हे बिघडते."

वडिलांनी सायकल गाडीत चढवली. घरात त्यांना नमवणारी ती एकटीच.

मी तिच्यासोबत चालले. एका बाजूला कालव्याचं संथ पाणी, दुसरीकडे पिवळा पडलेला गहू, पुढं टेकडी. माझ्यासाठी यात नवीन काहीच नव्हतं. पण ताई गाडीत कायम मागं तोंड करून बसायची, त्यामुळं तिनं हा रस्ता फक्त दूर जाताना पाहिला होता. "अवं, टेकडी मोठी होऊन राह्यली!" ती ओरडली. मग मलाही ती मोठी होताना दिसायला लागली.

फक्त मोरीच्या छोट्या पुलापाशी रस्ता जरा चढतो. तिथं सायकल अडली. तिनं सगळा जोर लावला तरी ती हलेना. मला राहवलं नाही, मी मागून हळूच रेटा दिला. वर पोचताच तिनं ब्रेक दाबला.

"ढकललं काऊन?"

"एवढुसं तं ढकललं!"

"सरक. मले खाली जाऊ दे."

आणि ती खरंच उलटी खाली गेली. मी भडकले. "बस मग इथंच," म्हणून शेताच्या बांधावर फतकल मारली. दोनदा ती अर्ध्यातून घसरली. तिसऱ्यांदा दात आवळून, इंच इंच करत वर आली, तेव्हा माझा राग कुठच्या कुठं पळाला होता. इतकी ताकद मी तोवर कुणात पाहिली नव्हती, आणि ही तर माझ्या शेजारी झोपणारी माझी बहीण.

पायथ्याशी म्हातारी तांब्या घेऊन तीनचाकीपुढं बसली. तिनं ताईचे पाय हातात घेतले. मऊ, कधी जमिनीला न लागलेले तळवे. ती जरा थबकली.

"हात दे, माय," ती म्हणाली.

ताईनं मुठी उघडल्या. तळहातांवर फोड आले होते, दोन फुटलेही होते. म्हातारीनं ते सावकाश धुतले, पदरानं टिपले, आणि त्या तळहातांवर डोकं टेकवलं.