मांजरेतला ट्राऊट

औराद तालुक्यात, आमच्या मांजरा नदीत, ट्राऊट नावाचा मासा नाही, हे माझ्या सासऱ्यांना सोडून साऱ्या जगाला मान्य आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मामा हिमाचलच्या सहलीला गेले. बाकीची मंडळी बर्फात फोटो काढत होती आणि हे दिवसभर नदीकाठी ट्राऊट धरणाऱ्या एका माणसाशेजारी बसून राहिले. परत आले ते पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल बांधायला शिकूनच. बारीक गळाला पंपाच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार गुंडाळायची, वरून मोरपिसाच्या दोनतीन काड्या, त्यांचीच शेपटी, की झाला किडा. तो किडा मामा बसस्टँडवर अनोळखी माणसालाही खिशातून काढून दाखवायचे. "मामा, ट्राऊट थंड पाण्यातला मासा," म्हटलं की म्हणायचे, "मांजरेतल्या माशाला काय ठाव, किडा कुणासाठी बांधलाय ते!"

घरातली मोरपिसं संपली तेव्हा उरूस होता. दर्ग्यात मुजावर सगळ्यांच्या डोक्यावरून मोरपिसांचा कुंचा फिरवत होते. मामांनी भक्तिभावानं मान लववली आणि त्याच लववलेल्या मानेनं कुंच्यातलं एक पीस हळूच ओढलं.

"क्या अप्पा, दुआ लेने आए की मोर छीलने?" मुजावर म्हणाले आणि अख्खी रांग हसली. रांगेत माझ्या माहेरची माणसं होती. मला तोंड कुठं लपवावं कळेना.

घरी आल्यावर मी बोलून गेले, "कामून असं करायलाव, मामा? तुमच्यासंगं बाहेर निघायची लाज वाटायलीय मला."

मामा संध्याकाळी जाऊन पीस तेवढं परत देऊन आले.

नंतर त्यांची गळाची काठी दिसेनाशी झाली. सुटलं वेड, म्हणून मी निर्धास्त होते. मग एका सकाळी धुणं वाळत घालताना पाहिलं, तर मामा मागच्या दारानं बोळात शिरत होते. काखेत छत्रीच्या जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब.

"कुठं निघालाव, मामा?"

"दळण आणायला," ते दचकून म्हणाले. हातात पिशवी नव्हती.

मी बादली तशीच ठेवली, चपला घातल्या. "चला, नदीवर मीबी येते. बाजारातून जाऊ."

"आज बाजार हाय गं. लोक बघतेत."

"बघू द्या."

बाजारातून जाताना ते सारखे मागं राहत होते. मी थांबले की तेही थांबायचे, कुठल्यातरी भाजीवालीला भाव विचारायचे, आम्ही सोबत आहोत असं कुणाला वाटू नये म्हणून.