शेवट बदललेला सिनेमा आणि मुलीचे मामा

सिनेमा पाहून आनंदात बाहेर पडलेल्या माणसाला सुखाने घरी जाऊ न देण्याचं काम माझ्या बायकोच्या मामांइतकं निष्ठेने अख्ख्या मुंबईत कोणी करत नसेल. मामा गिरगावात दोन खोल्यांत राहतात, विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि अविवाहित आहेत. लग्न केलं असतं तर वाचायला वेळ मिळाला नसता असं ते सांगतात, आणि लग्न झालेली मंडळी त्यावर काही बोलत नाहीत. त्यांचा सगळा जीव जुन्या कादंबऱ्यांत. त्यातल्या एखादीवर सिनेमा निघाल्याची बातमी आली की ते दोन दिवस कोणाशी धड बोलत नाहीत, आणि तरी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हजर असतात. सिनेमा वाईट आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं, ते फक्त खात्री करून घ्यायला जातात.

गेल्या वर्षी त्यांच्या सर्वांत लाडक्या कादंबरीवर सिनेमा आला. कंपनी सरकारच्या काळातली प्रेमकथा. कोकणातल्या खाडीकाठच्या एका वैद्याची मुलगी आणि गावात जमीन मोजायला आलेला तरुण कारकून यांचं जमतं. पण वैद्य म्हातारा, डोळ्यांनी अधू. कादंबरीत मुलगी बापापाशी राहते आणि तरुण एकटाच गलबतात बसून निघून जातो. सिनेमात ती शालू सावरत धावत येते, गलबतात चढते, आणि ड्रोनने वरून टिपलेल्या देखाव्यात दोघं समुद्राला लागतात. ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. बाकीचे दोष मामांनी एक वेळ पोटात घातले असते. नायिकेची नथ इतकी मोठी होती की ती घास कशी घेत असेल हा प्रश्न पडावा, वैद्याच्या घरात औषधांपेक्षा समया जास्त होत्या, आणि आंब्याचा मोहोर व फणसाचे पिकलेले गरे एकाच गाण्यात होते. पण शेवटाबद्दल मामा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, कारण ते दादरपासून गिरगावापर्यंत बोलत होते आणि नंतर घरी पोचल्यावरही.

त्यानंतर मामा दर संध्याकाळी दादरच्या एका थिएटरच्या दाराशी उभे राहू लागले. खेळ सुटला की बाहेर येणाऱ्याला गाठायचं आणि "काय वाटलं?" असं विचारायचं. लोकांना वाटे हे एखाद्या वाहिनीचे असतील, म्हणून ते केस सारखे करून उत्तर देत. एका बाईंना साड्या आवडल्या होत्या, आणि तसा शालू कुठे मिळेल ते मामांना ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. एका आजोबांनी एसी छान असल्याचं मत दिलं. एका तरुणाने सिनेमा कडक आहे असं सांगून मामांच्या पाठीवर थाप मारली. मामा सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग पुस्तक वाचलंय का म्हणून विचारत. नाही म्हटलं की फुटपाथवरच खरा शेवट सांगून टाकत. हातात हात घालून बाहेर आलेली जोडपी मग गप्प होऊन वेगवेगळ्या चालीने स्टेशनकडे निघत. तिथल्या रखवालदाराची तर समजूत झाली की मामा निर्मात्याचेच माणूस आहेत, म्हणून त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. आपल्याच सिनेमाचं वाटोळं करायला निर्माता माणूस कशाला ठेवील, हे त्याच्या मनात आलं नाही आणि मामांनी ते येऊ दिलं नाही.

इथवर आम्हा घरच्यांची काही तक्रार नव्हती. पण त्याच सुमारास माझ्या धाकट्या मेहुणीचं, जुईचं, लग्न ठरलं. जुई कॉलेजसाठी रत्नागिरीहून मामांकडे आली ती तिथेच राहिली आणि तिथूनच नोकरीला लागली. सकाळच्या चहावरून मामा-भाचीचं भांडण ऐकू आलं नाही तर शेजारच्या काकू तब्येतीची चौकशी करायला येत. तिने निवडलेला ओंकार डिलाईल रोडचा, मूळचा मालवणकडचा, बँकेत नोकरीला. माझ्या सासूसासऱ्यांची पसंती झाली, उरले मामा. ओंकार त्यांना भेटायला गिरगावात आला, पोहे पुढे आले आणि मामांनी विचारलं, तो सिनेमा पाहिलात का? आम्ही सगळ्यांनी त्याला खुणा केल्या. जुईने तर टेबलाखालून पाय दाबला, पण तो माझा होता.

"पाहिला ना," ओंकार म्हणाला. "एंड एक नंबर, मामा. ती बोटीत चढली तेव्हा मी तर शिट्टी मारली."

"आणि मागे राहिलेल्या त्या म्हाताऱ्याचं काय?"

ओंकारने मनापासून आठवून पाहिलं. "कोण म्हातारा?"

मामांनी त्याच्यापुढची पोह्यांची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

तो गेल्यावर मामांनी निर्णय सांगितला. लग्नाला येईन, आहेर करीन, जेवीनही, पण जुईला बोहल्यावर मी आणणार नाही. आपल्याकडे मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी मुलीच्या मामांना पुकारतात, आणि मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी अंतरपाटापाशी येत नाही. जुईला मामा एकुलते एक. फेटे, सनई, रुखवत हे सगळं बाहेरून मागवता येतं, मामा मागवता येत नाही. सासूबाईंनी भावाला समजावलं, दरडावलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. मामा म्हणाले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. जुईही काही कमी नाही. आणील तर मामाच आणील, नाहीतर मी खोलीत बसून राहीन, असं तिने कळवून टाकलं. माझी बायको मला एवढंच म्हणाली, "अरे, त्याचं सिनेमाशी भांडण नाहीच्चे. ती गेल्यावर त्या दोन खोल्यांत तो एकटा उरणारेय."

ओंकारने कुठून तरी ती कादंबरी मिळवली, शेवटपर्यंत वाचली आणि तो पुन्हा गिरगावात आला. वाचताना रडल्याचं त्याने कबूल केलं. पण मुलगा खोटं बोलणारा नव्हे. "तरी मला वाटतं, तिनं जायलाच पाहिजे होतं, मामा. फक्त त्या आजोबांना पण बोटीत घ्यायला हवं होतं."

म्हातारी माणसं बोटीत बसत नाहीत, असं म्हणून मामांनी त्याला आणखी पोहे वाढले. बोहल्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

लग्न दादरच्या एका कार्यालयात होतं. तासाभरापासून मामा कोणाला दिसले नव्हते. मुहूर्त जवळ आला तसा गुरुजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोणी आलं नाही. गुरुजींना लगेच दुसऱ्या लग्नाला पोचायचं होतं, त्यामुळे दुसऱ्या पुकाऱ्याला त्यांचा आवाज चढला. ओंकारची आई "मामा खय गेले?" म्हणून येईल त्याला विचारत होती. मी रस्त्यावर पाहून आलो, भटारखान्यात डोकावलो, आणि शेवटी नवरीच्या खोलीचं दार ढकललं. मामा इस्त्रीचा कोट आणि टोपी घालून जुईशेजारी बसले होते आणि तिचा हात त्यांच्या हातात होता. तिची तयारी करून बायका बाहेर पडल्यापासून ते तिथेच होते. पुकारा ऐकू आला नाही का, असं मी विचारलं. आला, निघतोच आहोत, असं म्हणून ते तसेच बसून राहिले. मग एकदाचे उठले आणि तिला घेऊन इतके सावकाश चालत आले की गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. ओंकार मान वाकवून उभा होता. जुईच्या पाठीशी मामा उभे, आणि तिचा कोपर त्यांनी धरलेलाच.

"मामा, आता हात सोडा," गुरुजी म्हणाले. "तिला हार घालायचाय."

मामा हो हो म्हणाले आणि धरूनच राहिले. वाजंत्रीवाले वाजवत होते, पण बाकी कोणी हलेना.

"मामा," जुई हळूच म्हणाली, "डिलाईल रोडला बोटीने जात नाहीत रे. टॅक्सी जाते. येते पण."

"मला डिलाईल रोड माहीत आहे," मामा म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.

पुढे नवरानवरी होमाला बसली आणि पाहुणे पंगतीकडे धावले. मी मामांना जेवायला बोलवायला गेलो तर ते अजून तिथेच उभे होते. एका हाताने जुईला धरून ठेवण्याच्या नादात दुसऱ्या मुठीतल्या अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या होत्या. हा माणूस मला त्या क्षणी फार जवळचा वाटला. मामांनी मूठ उघडून पाहिली. मग ते खाली वाकले आणि जुई जिथे उभी होती त्या रिकाम्या पाटावर, तिच्या डोक्यावर टाकाव्यात तशा हलक्या हाताने, त्यांनी सगळ्या अक्षता टाकल्या.