पुलावर कोणी होतं का?

"काहून हो, लागलं का त्याले?"

थिएटरात पडद्यावर कोणीही आपटलं की काकू हे विचारणारच. हात तोंडाशी, पाठ खुर्चीपासून सुटलेली. नायक तिसऱ्या मजल्यावरून मोटारीच्या टपावर कोसळायचा, उठायचा, कोट झटकायचा आणि पळायला लागायचा. मग काकू आमच्याकडे बघायच्या. "आमच्या यांचा पाय मोडला होता गुढियारीच्या मालधक्क्यावर, तं सारा पावसाळा बाजेवर होते. अन् हा पळून राहिला!"

तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या मराठी मोहल्ल्यात, आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका गेल्यावर काकू एकट्याच राहायच्या. मुलगा हैदराबादला, संगणकावर सिनेमांतली मोडतोड तयार करायचा. स्फोट, आगी, कोसळणाऱ्या इमारती. त्यानंच आईला भिंतभर टीव्ही घेऊन दिला होता. रविवारी दुपारी आम्ही नवराबायको त्यांच्याकडे जाऊन बसायचो, कारण आमच्या टीव्हीत एवढे स्फोट मावत नव्हते.

तुम्हीही बघितले असतील हे ओटीटीवरचे मारधाडीचे मोठे सिनेमे. पैसा पाण्यासारखा ओतलेला असतो, गोष्ट चार देश फिरून येते, आणि आपण मध्येच उठून कुकर बघून येतो. परत येईपर्यंत एक पात्र दुसऱ्याला झालेलं सगळं पुन्हा सांगत असतं, कारण आपण उठणार हे त्यांनी धरलेलंच असतं. मला याचा फार राग यायचा. कोणी नीट बघणारच नाही असं मानून केलेला सिनेमा नीट बघायचा तरी कोणी? याच काकू थिएटरात मारामारी आली की माझ्या बायकोचा हात असा दाबायच्या, की बांगडी रुतायची. घरी मात्र शांतपणे शेंगा सोलायच्या.

मुलानं काम केलेला सिनेमा आला त्या दिवशी शेंगा नव्हत्या. काकूंनी साबुदाणा वडे तळले, ठेवणीतली साडी नेसली. त्यांना पोरानं संगणकावर पाडलेला पूल बघायचा होता, आणि शेवटी पोराचं नाव. पूल पडला, आणि काय पडला! बाकी सिनेमा नेहमीचाच. मी जांभई दाबली, ती काकूंना दिसली. शेवटी नावं सरकायला लागली, तोच ती आक्रसून कोपऱ्यात गेली आणि दुसराच सिनेमा आपोआप सुरू झाला.

"अहो, थांबवा नं!" काकू ओरडल्या. घाईत मी भलतंच बटण दाबलं. नाव राहूनच गेलं.

तेवढ्यात मुलाचा फोन. "मम्मी, कैसी लगी?" मराठी त्याला कळायची सगळी, पण उत्तर हिंदीतच.

काकूंना पोराचं मन मोडवेना आणि खोटंही बोलवेना. मी हातानं खुणावत होतो, छान म्हणा, छान म्हणा.

"पूल लय भारी पडला रे," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यावर कोणी होतं का?"

फोन स्पीकरवर होता.

"नहीं मम्मी. खाली पुल ही दिया था हमको. बोले, गिरा दो."

"मंग पायणाऱ्याचा जीव कसा खालीवर होईन?"

"ये कोई पूछता ही नहीं, मम्मी."

"हव, पण मी विचारून राहिली नं. जेवला का तू?"

फोन ठेवून त्यांनी पदरानं डोळे टिपले. "बोलाले नव्हतं पायजे मी. पोट्टं किती खपलं असन त्याच्यावर." उरलेले वडे त्यांनी आम्हालाच बांधून दिले.

काकू आता नाहीत. घराला कुलूप आहे आणि तो टीव्ही मुलानं आम्हाला दिलाय. त्याच्याकडे बघून अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. मागच्या आठवड्यात मुलाचा फोन आला, "अंकल, नई पिक्चर आई है. इसमें भी पुल है. देखना ज़रूर."

रविवारी दुपारी लावला. खरं सांगतो, सिनेमा तसलाच. मी कुकर बघायला उठलोही होतो, तर बायकोनं हाक मारली. पडद्यावर पूल होता, आणि या वेळी त्यावर माणसं होती. सगळी जिवाच्या आकांतानं पळत होती. त्यांच्यात एकच बाई थांबलेली. पदर कमरेला खोचून ती कोणा पडलेल्यापाशी वाकली होती. चेहरा दिसत नव्हता. एक हात तोंडाशी होता.

पुलाला तडा गेला. बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला, की तिची बांगडी मला रुतली. मी रिमोट उचलला आणि सिनेमा तिथंच थांबवला.

त्यापुढचं आम्ही अजून बघितलेलं नाही.