सिकेलोचं 'हो'

डेड्झाच्या डोंगराखालच्या एका लहानशा कोर्टात फॉस्टर न्गालांडे सव्वीस वर्षं दुभाषे होते. न्यायाधीश साहेब इंग्रजीत लिहायचे, आरोपी तिथल्या चिचेवा भाषेत बोलायचे आणि मधला सगळा मुलूख न्गालांडेंचा. दरवर्षी वकिलीची दोन-तीन पोरं अनुभव घ्यायला सहा आठवडे यायची. त्यांच्या वहीवर दर शुक्रवारी सही करायची ती न्गालांडेंनीच, आणि त्या सहीचा तोरा काय विचारता!

त्या साली अतुपेले आली. पोरीचे कान फार तिखट.

सिकेलो नावाच्या तरुणावर बकरं चोरल्याचा आळ होता. सकाळपासूनचा तो अकरावा खटला, आणि न्गालांडेंच्या पोटात कावळे ओरडत होते. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? न्गालांडेंनी घाईघाईत आपल्या पद्धतीने विचारलं, "बकरं तू चोरलं नाहीस ना?"

"हो," सिकेलो म्हणाला.

"हो म्हणतोय," न्गालांडेंनी साहेबांना सांगून टाकलं. साहेब उत्तरेकडचे, नवे. त्यांना चिचेवा येत नव्हती. त्यांनी कबुली लिहून घेतली. शिक्षा दुपारी सुनावणार होते.

चहाच्या सुट्टीत न्गालांडे मंदासीचे तळलेले गोळे खात असताना अतुपेले जवळ आली. "बाबा, तो 'हो, नाही चोरलं' असं म्हणत होता."

न्गालांडेंना तत्क्षणी कळलं. तोंडातला घास तोंडातच राहिला.

"आता तू मला चिचेवा शिकवणार?"

"तसं नाही हो, बाबा. पण शिक्षा अजून व्हायचीय. तुम्ही नुसता शब्द टाकलात तर साहेब खोडतील."

"मग जा की, तूच सांग! आणि वहीवर सहीसुद्धा त्यांच्याकडूनच आण."

सहीशिवाय तिचं वर्ष बुडालं असतं. ती निघून गेली. दुपारी सिकेलोला दीड वर्षाची शिक्षा झाली.

शुक्रवारी वही समोर आली. 'या आठवड्यात काय शिकलात?' या रकान्यात दोनच शब्द होते: गप्प बसायला. न्गालांडेंनी ते वाचलं. साहेब शेजारच्याच खोलीत बसले होते, अजूनही जाऊन सांगता आलं असतं. त्यांनी खाली 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं आणि सही ठोकली. पोरीसमोर चूक कबूल करायची लाज वाटली, बाकी काही नाही. तेवढ्या लाजेपायी एक माणूस आत गेला, हे त्यांना पुढे कधीच विसरता आलं नाही. सहा आठवडे संपल्यावर अतुपेले पुन्हा कोर्टाकडे फिरकली नाही. कुठल्याशा बँकेत लागली म्हणतात.

निवृत्तीनंतर एकदा न्गालांडे बाजारातून घरी जायला भाड्याच्या सायकलवर मागे बसले. चालवणारा सिकेलो होता, हे त्यांना चढाला लागल्यावर ओळखू आलं.

"बाबा, एक विचारू?" सिकेलो मागे न बघता म्हणाला. "आत बसून विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. त्या दिवशी मी काही चुकीचं बोललो नव्हतो ना?"



"हो," ते म्हणाले.

सिकेलोला ते बरोबर कळलं. त्याने सायकल कडेला घेतली.

"उतरा, बाबा," तो म्हणाला.