मानवलेलं पाणी

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिचा गोल्डफिश माझ्या गळ्यात मारून गेली. पाठोपाठ जुना टँक गळायला लागला. मासा बादलीत आला आणि माझा जीव टांगणीला लागला.

नवा टँक आणला. पाणी भरायचं, कंडिशनर टाकायचं, मासा सोडायचा, झालं, असं मला वाटलेलं. बुलढाण्यातला दुकानदार म्हणाला, "ताई, कंडिशनरनं नळाचं ब्लिचिंग तेवढं जाते. माशाची घाण पचवणारे जंतू तयार व्हाले महिना लागते. तोवर मासा बादलीतच राहू द्या, पाणी बदलत जा." महिना! मी चहा उकळेपर्यंत ओट्याशी धड उभी राहत नाही.

रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते सडतं, त्यावर जंतू वाढतात. सासूबाई बघत बसायच्या. "मासा बादलीत अन् जेवण रिकाम्या घरात. चांगलं आहे बाई तुमचं."

रोज संध्याकाळी लेकीचा फोन. आधी माशाची चौकशी, मग रडणं. "आई, मले इथलं पाणी मानवून नाही राह्यलं. मी येते." मी म्हणायची, बघू. मनात तिची खोली झाडून ठेवलेली असायची.

मग टँकचं पाणी दुधट झालं. दुकानदार म्हणाला, चांगलं आहे, जंतू वाढून राह्यले, हात लावू नका. मी दिवसातून दहादा जाऊन बघायची, काचेला नाक लावायची. आणि एका सकाळी पाहते तर पाणी लख्ख. वाटलं, झालं तयार. मी कोणालाच विचारलं नाही. बादलीतून मासा उचलला आणि टँकमध्ये सोडला.

दुपारी मासा वर येऊन तोंड वासत होता. मी ओरडलेच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "काऊन बाई? मी तर काल रातीच तुरटी फिरवली होती. गढूळ पाण्यात जीव सोडते का कोणी?"

जन्मभर त्यांनी हंड्यात तुरटीच फिरवली. तरी माझं डोकं फिरलंच. नको ते बोलले. मासा पुन्हा बादलीत घातला, ताज्या पाण्यात कंडिशनर टाकून. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, तुरटीनं पाणी आंबट होते, सगळं फेका, पहिल्यापासून करा. एवढ्या दिवसांची मेहनत खरोखरच पाण्यात गेली. मी बादलीशेजारी बसून राहिले. वाटलं, हा मेला तर पोरगी उद्याच्या गाडीनं घरी येईल. आणि खरं सांगते, ती यावी असं मलाच फार वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत मासा सावरला. फोन आला. स्पीकरवर तेच रडणं, "आई, येऊ का?" मी 'ये' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"पाणी मानवाले येळ लागते, माय. मी तुरटी फिरवली, तुह्या आईनं घाई केली, मासा मरता मरता वाचला. तू राह्य तिथंच."

पलीकडे रडणं थांबलं. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "आजी बरोबर बोलते." मग उठले आणि टँक रिकामा करायला घेतला.