आघाडा कुठे मिळेल?

चंदीगढच्या आमच्या मराठी ग्रुपात दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलतात. बदली झाली की सामान ट्रकमधून जातं, किस्से मात्र इथेच साठत राहतात. गणपतीच्या पत्रीचे तर इतके साठलेत की सांगताना आधी हसू येतं आणि मग येईनासं होतं.

पत्रीचं खातं कुलकर्णी काकूंकडे. काका एअर फोर्समधून यंदा रिटायर होणार, म्हणजे काकूंचा इथला हा शेवटचा गणपती. "एकदा तरी एकवीस पत्री पूर्ण वाहायच्यात गं," एवढाच त्यांचा हट्ट.

इथे आल्या आल्या त्या मला घेऊन नर्सरीत गेल्या. मोबाइलवर आघाड्याचा फोटो दाखवला. नर्सरीवाला म्हणाला, "आंटीजी, ये तो जंगली घास है. इसको मारने की दवाई है मेरे पास, दूँ?"

काकू तडक बाहेर पडल्या. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, "अगं, देवाला वाहायचं ते! आणि हा त्याचं विष विकतोय."

ग्रुपातल्याच सरदेसाई मॅडमनी बाल्कनीतलं मधमाश्यांचं पोळं पेस्ट कंट्रोलकडून काढून घेतलं. पुढच्या महिन्यात ग्रुपवर फोटो: 'काकडीच्या वेलाला फुलंच फुलं, काकडी एक नाही. खत कुठलं घालू?'

काकूंनी लिहिलं, "खताचं सोड. नवरी नटवलीस आणि वऱ्हाड मारून टाकलंस."

गेल्या वर्षी पत्री फारच कमी पडल्या. आम्ही शहाणपणा केला. क्रोटन, मनीप्लांट, गेटजवळच्या पामची झावळी, असं करून ताट भरलं. पूजा सांगलीचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर सांगतात. कॅमेरा ताटावर नेला आणि ते मंत्र म्हणता म्हणता थांबले.

"वहिनी, गणपतीला ड्रॉइंग रूम वाहताय का?"

आम्ही खो खो हसलो. काकू नाही हसल्या.

यंदा मात्र काकू पावसाळाभर खुशीत होत्या. क्वार्टर्समागच्या मोकळ्या प्लॉटवर आघाडा, माका, डोरली, धोतरा, सगळं आपसूक उगवलेलं. वर फुलपाखरं भिरभिरत होती. मला एकटीला दाखवलं आणि बजावलं, "बोलू नकोस कुठे. आपल्या बायका आधीच ओरबाडून नेतील."

हरतालिकेच्या सकाळी आम्ही दोघी परडी घेऊन गेलो. प्लॉट सपाट. कडेला जेसीबी उभा, आणि शेजारी आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष शिंदेसाहेब, घामाघूम पण खूश.

"या, काकू. तुमचा शेवटचा गणपती ना, म्हणून मांडव यंदा ऐसपैस, इथे. वरून दवापण मारून घेतली. एक काडी ठेवली नाही."

 काकू खाली वाकल्या, परडी भरली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात पूजा. मोबाइलवरून गुरुजी एकेका पत्रीचं नाव घेऊ लागले. आघाड्याचं नाव आलं. काकूंनी परडीतली मूठभर माती उचलली आणि गणपतीच्या पायाशी वाहिली.

शिंदेसाहेब दचकून पुढे झाले. "काकू, अहो, हे काय?"

"पुढचं नाव घ्या, गुरुजी," काकू म्हणाल्या.