लाल शाईतले पेडणेकर सर

पेडणेकर सर वर्गात शिरले की हजेरीआधी स्वतःचं पाप कबूल करायचे. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय. आज स्टेशनबाहेर दोन जिलब्या खाल्ल्या. बायकोला सांगू नका." वर्ग हसायचा, मग हजेरी.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे. बी.ए.ला एक जुनी कादंबरी होती. कर्मठ गाव एका बाईला तिच्या पापाची खूण छातीवर मिरवायला लावतं, आणि त्या पापातला भागीदार, गावाचा लाडका धर्मगुरू, वर्षानुवर्षं गप्प राहून आतल्या आत कुढतो. सर त्याच्यावर भारी चिडायचे. "पाप पचात रे," मालवणीत म्हणायचे, "लपवलेला पचाचा नाय."

लायब्ररीत त्या कादंबरीची एकच प्रत. परीक्षेला उपयोगी म्हणून मी तिच्यातली दोन पानं ब्लेडने कापली. कोणती? धर्मगुरू शेवटी कबुली देतो, नेमकी तीच. माझी अक्कल तेवढीच.

लायब्ररीचा नियम असा, की फाटकं पुस्तक ज्याच्या हातून परत येईल तो गुन्हेगार. त्याचं नाव नोटीस बोर्डावर लाल शाईत, आणि कार्ड रद्द. मी परत केलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही; माझ्यानंतर पुस्तक वर्गातल्या सुशीलाने नेलं, आणि बोर्डावर तिचं नाव लागलं. तिच्याकडे स्वतःचं एकही पुस्तक नव्हतं आणि परीक्षा महिन्यावर. ती रडली नाही, बोर्डासमोरून मान ताठ ठेवून जायची. मी तीन दिवस गप्प. स्वतःची लाज वाटत होती, पण तोंड उघडेना.

चौथ्या दिवशी बोर्डावर सुशीलाचं नाव खोडलेलं, खाली लाल शाईत 'प्रा. पेडणेकर'! वर्गात सर म्हणाले, "आजची कबुली. ती पानं मी कापली. उतरवून घ्यायचा कंटाळा, दुसरं काय?" वर्ग हसला. माझी मात्र वाट लागली.

तास संपताच त्यांना गाठून सगळं सांगून टाकलं. "सर, मीच तो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाय रे. सुशीला तसली नाय, इतक्याच ठाऊक. तीन दिस जेवलंस मां?" त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला.

मग मला घेऊन लायब्ररीत गेले. ग्रंथपालांनी बोर्डावर माझं नाव लिहिलं आणि सरांचं खोडायला घेतलं. सरांनी त्यांचा हात धरला, खोडू दिलं नाही. "मी खोटा बोललंय मां? मगे नाव रवांदे."

माझं कार्ड गेलं. कादंबरी सुशीलाने तिच्या परत मिळालेल्या कार्डावर मला आणून दिली. "ब्लेड घरी ठेव हां," एवढंच म्हणाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी सर गेले तेव्हा आम्ही दोघंही त्यांच्या घरी गेलो. न राहवून मी त्यांच्या बायकोला जिलब्यांचं सांगितलं.

"ठाऊक आहे," डोळे पुसता पुसता त्या हसल्या. "रोज घरी आले की आधी तेच सांगायचे."